टेकऑफला अपघात का होतात आणि सोलोआधी काय पक्कं करायचं

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. इंदूरचीच एक मुलगी आहे, सेसना १५२ या दोन सीटच्या छोट्या विमानावर शिकतेय, २२ तास झालेत, पहिला सोलो, म्हणजे सरांशिवाय एकटीने उडणं, पंधरा-वीस दिवसांवर आलाय. टेकऑफला विमान डावीकडे जातं आणि सर ओरडतात. त्यात कुठल्यातरी ट्रेनर विमानाचा टेकऑफनंतर लगेच अपघात झाल्याची बातमी घरी सगळ्यांनी बघितली आणि बाबा म्हणाले आता बास. तिचा प्रश्न असा, की सगळे म्हणतात लँडिंग अवघड, टेकऑफ तर विमान आपोआप करतं, मग माणसं टेकऑफला का मरतात?

वयाने तू माझ्या मुलीएवढी, म्हणून अगं-तुगं करतोय. बरीच वर्षं मी इन्स्ट्रक्टरच्या सीटवर काढली आहेत, त्यातली पुष्कळशी या मालव्याच्या हवेतच, आणि सोलोला सोडलेल्या प्रत्येक पोराच्या वेळी खाली उभं राहून पोटात गोळा आलाय. म्हणून बाबांची भीती मला समजते. ती खोटी नाहीये.

आधी हे सांगतो की तुझा खरा प्रश्न अपघात का होतात हा नाहीच. खरा प्रश्न आहे, थ्रॉटल (इंजिनाची पॉवर वाढवायचा नॉब) पुढे केल्यापासून पहिल्या मिनिटभरात काही बिघडलं तर मी काय करणार, आणि ते मला आधीपासून ठरलेलं आहे का. लँडिंगला तू दोन-तीन मिनिटं तयारी करत असतेस, सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या फेरीत, डाउनविंडला चेक, मग बेस, फायनल हे टप्पे, जमलं नाही तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. टेकऑफला डोक्यात एकच चित्र असतं, की आपण वर जाणार. ते चित्र बदलायला जे दोन-तीन सेकंद लागतात ना, तिथे घोळ होतो. लहान विमानांचे अपघात बघितले तर लँडिंगचे संख्येने जास्त असतात, पण त्यात बहुतेक वेळा प्रोपेलर वाकतो, नोजव्हील मोडतं आणि माणूस चालत बाहेर येतो. टेकऑफ आणि क्लाइम्बचे त्या मानाने कमी, पण त्यात जीव जाण्याचं प्रमाण जास्त. टाक्या भरलेल्या, पॉवर पूर्ण, नाक वर, स्पीड कमी आणि खाली उंची नाही, म्हणजे चुकलं तर सावरायला जागाच नसते.

यातलं काही विमानावर, वजनावर, रनवेवर आणि तुझे सर कसं शिकवतात त्यावर अवलंबून आहे. मी १५२ आणि आपल्या इंदूरचा पावणेतीन किलोमीटरचा रनवे धरून बोलतोय. एखाद्या छोट्या धावपट्टीवर शिकणाऱ्याने माझे आकडे उचलू नयेत. आणि तुझ्या सरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांना जाऊन विचार, मला सांगून त्यांच्याशी भांडू नकोस.

आता डावीकडे जाण्याचं. आपल्या सीटवरून बघितलं तर १५२ चा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्याची हवा पिळा घेत मागे येते आणि शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते, शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. शिवाय इंजिनाची प्रतिक्रिया डावं चाक दाबते. आणि रोटेट करताना, म्हणजे जमीन सोडण्यासाठी उचलताना, नाक वर गेलं की प्रोपेलरचं खाली येणारं पातं जास्त ओढतं, त्यानेही नाक डावीकडेच. म्हणजे रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवरचा उजवा पाय एकदा दाबून सोडायचा नसतो, थ्रॉटलबरोबर दाबायचा, स्पीड वाढेल तसा थोडा सैल, आणि नाक उचलताना पुन्हा दाबायचा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असतो तेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेल्या २५ नंबरच्या रनवेवर तो थोडा डावीकडूनच लागतो, विमानाला वाऱ्याकडे तोंड करायची खोड असते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढतात आणि मुलांना वाटतं आज विमानच खराब आहे.

पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) एक बघ, तुझ्या टाचा कुठे असतात. माझ्याकडची अर्धीअधिक मुलं पाय पूर्ण पेडलवर चढवून बसायची, वरच्या भागात ब्रेक असतो, मग उजवा रडर देताना उजवा ब्रेकही लागतो, विमान झटक्यात उजवीकडे, मग घाबरून डावा. टाचा जमिनीवर, चवडे पेडलच्या खालच्या भागावर. आणि योक (हातातलं स्टिअरिंग) फिरवून विमान सरळ करायला जाऊ नकोस. स्कूटी आणि कार चालवून आलेल्या हातांना ती सवय असते, जमिनीवर तिचा काही उपयोग नसतो.

पण नुसतं डावीकडे गेल्याने कोणी मरत नाही गं. पुढे काय होतं ते महत्त्वाचं आहे. विमान सेंटरलाइन सोडतं, रनवेची कड जवळ येते, लाइट दिसतात, आणि पोरगं कडेपासून सुटायला म्हणून योक ओढतं. स्पीड ५० हवा तिथे ४२-४३ नॉट. विमान उचलतं पण! हीच तर फसवणूक आहे, कारण जमिनीपासून दोन्ही पंखांच्या मिळून लांबीएवढ्या उंचीच्या आत, म्हणजे १५२ ला साधारण १० मीटर, जमीन जवळ असल्याने (याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात) ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, कमी असतो आणि विमान जेवढ्या स्पीडला उडायला नको तेवढ्यालाही उडतं. जरा वर गेलं की तो आधार जातो, नाक वर, पॉवर पूर्ण, उजवा रडर नाही, आणि डावा पंख पडतो. सगळं चार-पाच सेकंदात. यात खरी चूक योक ओढण्याची होती. कड जवळ आली तर थ्रॉटल मागे, ब्रेक, गवतात गेलं तर गेलं. गवतात गेलेलं विमान मी स्वतः ट्रॅक्टरने ओढून आणलंय, दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पुन्हा उडाला.

दुसरी गोष्ट हवा, आणि ही आपल्याकडची खास. इंदूरचं एअरपोर्ट समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर. विमानाचे आकडे ज्या ठरावीक ‘स्टँडर्ड’ हवेवर काढतात, तिच्यात या उंचीला तापमान ११ अंशांच्या आसपास हवं. मे महिन्यात दुपारी ४२ असतं, म्हणजे ३१ अंश जास्त, गरम हवा उंचीवरच्यासारखी पातळ होते, म्हणून प्रत्येक अंशाला १२० फूट धर, ३७०० फूट झाले, त्यात १८५० मिळव. विमानाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर उभे आहोत. त्या दिवसांत हवेचा दाबही कमी असतो, तो धरला तर अजून थोडं वर. जानेवारीच्या सकाळी ८ अंशाला हाच हिशोब दीड हजाराच्याही खाली येतो. विमान तेच, रनवे तोच, आणि चार हजार फुटांचा फरक. समुद्रसपाटीला मिनिटाला ७१५ फूट चढणारं १५२ मे च्या दुपारी पाचशेच्याही खाली चढतं, आणि तो आकडा नव्या विमानाचा आहे, क्लबमध्ये वीस-तीस वर्षं राबलेल्या विमानाचा नाही. म्हणून जुने इन्स्ट्रक्टर उन्हाळ्यात पहाटे बोलवतात. शब-ए-मालवाचा, म्हणजे मालव्यातल्या रात्रीचा, गारवा असतो तोवर सर्किट करून घ्यायचे, दहा वाजले की पोहे खायला मोकळे.

यात लपलेला धोका वेगळाच आहे आणि तो मुलांना कोणी नीट सांगत नाही. पातळ हवेत त्याच ५० नॉटच्या रीडिंगला विमान जमिनीवर खरोखर आठ-नऊ टक्के जास्त वेगाने धावत असतं. बाजूचे दिवे, गवत, सगळं भराभर मागे जातं, आणि जानेवारीत शिकलेल्या मुलाचं डोकं सांगतं, झालं, स्पीड आला, ओढ. एअरस्पीड इंडिकेटरवर अजून ४५ पण नसतात. म्हणून जमिनीकडे बघून रोटेट करायचं नाही, काट्याकडे बघून करायचं. मिक्श्चरबद्दलही (इंजिनात जाणाऱ्या पेट्रोल-हवेच्या प्रमाणाबद्दल) एकदा सरांशी बोलून घे, १५२ च्या पुस्तकात ३००० फुटांवरच्या एअरफील्डवरून टेकऑफ करताना ते लीन, म्हणजे पेट्रोल कमी, करायला सांगितलंय, आपली उंची तेवढी नाही पण तापलेल्या दुपारी हवा तशीच असते. स्वतःच्या मनाने मिक्श्चरच्या लाल नॉबला हात लावायचा नाही.

आता सीट. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय कारण माझ्यासमोर घडलंय. एक मुलगी होती, उंचीने लहान, मागे उशी घेऊन बसायची. चेकलिस्ट वाचली, सीट लॉक्ड म्हणाली, मी पण हो म्हणालो. ४० नॉटच्या आसपास मला खट्ट असा आवाज आला आणि ती एकदम माझ्या खांद्याच्या मागे गेली, ‘सर!’ एवढंच म्हणाली. सीट खालच्या रेलवर दोन भोकं मागे सरकली होती. पाय पेडलवरून सुटले, दोन्ही हात योकवर, आणि पडणारा माणूस जे करतो तेच तिने केलं, हातात होतं ते धरून ठेवलं. योक पोटापर्यंत आला, नाक वर. मी डाव्या हाताने थ्रॉटल मागे घेतला आणि उजव्या हाताने योक पुढे रेटला, तिच्या वजनाविरुद्ध. थांबलो तेव्हा दोघांचे हात थरथरत होते. खाली उतरून सीटखाली टॉर्च मारली तर पिन भोकात पूर्ण बसलेलीच नव्हती, भोकाच्या कडेवर टेकली होती, आणि रेलचं ते भोक झिजून लांबट झालेलं.

सेसनाच्या सीट रेलचा हा दोष जगभर माहीत आहे, अमेरिकेच्या एफएएने (विमानवाहतूक खात्याने) १९८७ मध्येच रेल आणि पिन तपासायचा आदेश काढला होता. तेव्हापासून माझा नियम आहे, ‘सीट लॉक्ड’ हे तोंडाने म्हणायचं नाही, करून दाखवायचं. पाय पेडलवर ठेवून पाठीने मागे जोरात रेटा द्यायचा, मग पुढे, दोनदा. सोलोच्या दिवशी उजवी सीट रिकामी असेल, तुझ्यासाठी योक पुढे ढकलायला कोणी नसेल. तरीही सरकलीच सीट, तर योक सोडायचा आणि थ्रॉटल मागे. हात योक धरायला जाणार, म्हणून हे घरी पुन्हा पुन्हा म्हणत पाठ करायचं.

दरवाजाचंही तसंच. १५२ चा दरवाजा नीट लागला नसेल तर उचलल्यावर फटकन उघडतो, वारा आत, कानठळ्या बसणारा आवाज, चार्ट उडतात. विमान व्यवस्थित उडत असतं. लोक मरतात ते दरवाजा लावायला वाकून स्पीड घालवल्याने. राहू दे उघडा, सर्किट पूर्ण कर, उतर.

आत्तापर्यंत जे बोललो त्यात इंजिन एकदाही बंद पडलेलं नाही, हे लक्षात आलं का? डावीकडे ओढ, घाईने ओढलेला योक, गरम हवा, सीट, दरवाजा. विमान चांगलं असताना होणारे अपघात आहेत हे, आणि यातले सगळे जमिनीवर थांबवता येतात.

आता इंजिन. पावसाळ्यात टाकीत पाणी जाणं हे नेहमीचं कारण, म्हणून उडण्याआधी टाकीतून थोडं पेट्रोल ड्रेन करताना बाटली उजेडात धरून बघ, निळं पेट्रोल आणि खाली पाण्याचा बुडबुडा वेगळा दिसतो. आणि अख्खी बाटली पाण्यानेच भरली असेल तर रेषा दिसणारच नाही, म्हणून रंग आणि वास दोन्ही बघायचे. पिटो ट्यूबमध्ये (स्पीड मोजायच्या नळीत) कुंभारीण माशी एका दिवसात मातीचं घर करते, त्यामुळे रोल सुरू झाल्यावर एअरस्पीडचा काटा हलला का हे मोठ्याने म्हणायचं. नाही हलला, थांबायचं. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पुस्तकाएवढा नाही, थांबायचं. काहीतरी वेगळं वाटतंय पण काय ते कळत नाही, तरी थांबायचं. इतका लांब रनवे देवाने दिलाय आपल्याला, १५२ ला तापलेल्या दुपारीसुद्धा जमीन सोडायला त्याचा पाव भागही लागत नाही.

म्हणूनच इंटरसेक्शनवरून, म्हणजे रनवेच्या मधूनच, टेकऑफ घेऊ नकोस, टॉवरने विचारलं तरी नम्रपणे फुल लेंग्थ माग. हिशोब बघ, सुरुवातीपासून निघालीस तर २०० फुटांवर पोचतेस तेव्हा साधारण निम्मा रनवे अजून तुझ्या समोर पडलेला असतो. इंजिन गेलं तर नाक खाली, ६० नॉट, आणि समोरच उतर. मध्यातून निघालीस तर तीच जागा तू मागे सोडून आलीस.

रनवे संपल्यावर इंजिन गेलं तर? समोर, डावी-उजवीकडे तीसेक अंशांत जे मोकळं दिसेल तिथे. शेत, कच्चा रस्ता, काहीही. मागे वळायचं नाही. मुलांना वाटतं १८० अंश वळलो की रनवे. तसं नसतं, तू रनवेच्या बाजूला सरकलेली असतेस, परत रेषेवर यायला पुन्हा वळावं लागतं, सगळं मिळून अडीचशे अंशांच्या वर जातं. घाईत बँक, म्हणजे विमानाचा कल, वाढतो, ४५ अंशांना १५२ चा स्टॉल (ज्या स्पीडखाली पंख उचलणं सोडतो तो) ४० वरून ४८ च्या आसपास, ६० अंशांना ५६-५७. आणि तू ६० नॉटवर आहेस. रनवे गाठायला म्हणून जरासा योक ओढलास की संपलं. खूप तास झालेल्या पायलटने पुरेशा उंचीवरून वळून येणं शक्य असतं, पण २२ तासांच्या मुलीसाठी माझं उत्तर नाही असंच आहे आणि यावर मी वाद घालणार नाही.

त्यात एक बारकावा. आपल्याकडे क्यूएनएच (समुद्रसपाटीपासून उंची दाखवणारा दाब) लावला की जमिनीवरच अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा काटा, १८५० दाखवतो. ब्रीफिंगमध्ये मुलं ‘पाचशे फुटांखाली इंजिन गेलं तर समोरच’ असं घोकतात आणि काट्यावर बघतात तर २३०० दिसतं, वाटतं खूप उंचीवर आहोत. तू आकडा काट्याचाच म्हण, तेवीसशे पन्नासपर्यंत समोर.

टॉवर आणि मोठी विमानं हा वेगळाच ताण आहे. मागे एअरबस उभी, टॉवर म्हणतो लवकर, आणि मुलं लाइन अप करतानाच थ्रॉटल उघडतात, ट्रिम बघायचा राहतो, फ्लॅप्स राहतात. ‘अनेबल’, म्हणजे जमणार नाही, हा शब्द म्हणायला लाजू नकोस, एअरबस दोन मिनिटं थांबली तर काही बिघडत नाही. आणि ती तुझ्या आधी गेली असेल तर दोन मिनिटं तू थांब, तिच्या पंखांची भोवऱ्याची हवा १५२ ला उलटं करू शकते. इंटरसेक्शनवरून असेल तर तीन मिनिटं. हे कंट्रोलरने सांगायची वाट बघू नकोस, तुझ्या घड्याळात बघ.

सोलोच्या दिवशी विमान वेगळं वागेल, कारण सर उतरले की एकूण वजनातले सत्तर-ऐंशी किलो कमी होतात, ७५७ किलोच्या विमानात हे दहा टक्के झाले. लवकर उचलेल, नाक पटकन वर जाईल, सर्किटची उंची तू क्रॉसविंडला (सर्किटच्या पहिल्या वळणाला) नीट वळायच्या आतच येईल. घाबरायचं काही नाही, फक्त हात हलका ठेव आणि नाक रोजच्यासारखंच क्षितिजावर धर.

सरांना दोन गोष्टी माग, हक्काने. सोलोआधी निदान तीनदा टेकऑफ रद्द करायचा सराव, वेगवेगळ्या स्पीडला, न सांगता. आणि सुरक्षित उंचीवर टेकऑफच्या पोझिशनमध्ये पॉवर काढून दाखवणं, म्हणजे नाक किती जोरात खाली घालावं लागतं ते हाताला कळेल. पहिल्यांदा ते बघून मुलांना धक्का बसतो, कारण मनाला पटत नाही की जमिनीजवळ असताना जमिनीकडेच नाक करायचं.

आणि बाबांना सांग की त्यांनी तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसावं. तू डोळे मिटून थ्रॉटल पुढे करायचा, पाय दाबायचा, एअरस्पीड अलाइव्ह (काटा हलला), ५०, रोटेट, ६७ (चढायचा स्पीड), असं मोठ्याने म्हणत जायचं. त्यांनी मध्येच कुठेही म्हणायचं, ‘इंजिन गेलं’ किंवा ‘दरवाजा’ किंवा ‘सीट’. त्यांचा शब्द संपायच्या आत तुझे हात हलले पाहिजेत. रोज रात्री जेवणानंतर दहा वेळा करा, सोलोपर्यंत. पहिल्या दोन दिवसांत तू अडखळशील, ते त्यांनाही दिसेल. चौथ्या-पाचव्या दिवशी हात आपोआप जायला लागले की तेही त्यांना दिसेल, आणि मग सोलोला हो म्हणायचं की नाही ते त्यांनाच ठरवू दे.